मानाचे शेअर

अंगापेक्षा बोंगा मोठा ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात माझी बायको यशोदाबाई ज्वारीचे बिबडे करते. पापडासारखे थापायचे, उन्हात वाळवायचे, तळले की फुलतात. हात तिचे आणि गल्लीतल्या बायकांचे. मी फक्त गिऱ्हाइकांशी बोलायचो. बोलून बोलून मला वाटू लागलं, बिबडे मीच करतो.

मग कंपनी काढली, 'यशोदा बिबडे'. शेअर शंभर. साठ माझे, चाळीस अमळनेरच्या मगन किराणावाल्याचे. निम्म्याहून जास्त माझे, म्हणजे शेवटचा शब्द माझा. मी 'चेअरमन झुलाल नाना' अशी कार्डं छापून घेतली आणि एक दूधवाल्यालाही दिलं.

धंदा वाढला. पॅकिंगच्या मशीनसाठी आणखी शंभर शेअर काढायचं ठरलं. सीए म्हणाले, "नाना, नवे शेअर आधी जुन्या भागीदारांना विचारायचे असतात. तुमच्या वाट्याला साठ येतात. घेता का?"

ऐपत होती. पण माझा साला भाईदास आमच्या मुलीच्या लग्नापासून रुसला होता. मांडवात त्याला टॉवेल-टोपी उशिरा मिळाली होती. आणखी चार पाहुणे तसेच फुगलेले. म्हटलं, हीच वेळ आहे मान राखायची. माझ्या वाट्याचे नवे साठ मी त्यांना जाऊ दिले. पैसे त्यांचे, मोठेपणा माझा. मगनने त्याच्या वाट्याचे नवे चाळीस मुकाट घेतले, तर मी त्यालाच हावरट म्हणालो.

"दाजी, तुम्हले कमी पडत नही ना?" भाईदासने विचारलं.

"मना साठ शेतस, साठच राहतीन!"

साठच राहिले. शंभरातले साठ आता दोनशेतले साठ झाले, एवढंच मला कळलं नाही. ते कळायला सभा उजाडावी लागली.

सभेत मगनने ठराव मांडला: कारखाना धुळ्याला न्यायचा, वाळवायला मशीन लावायचं. जागा भाईदासची, भाड्याने. यशोदाबाई दारात उभी होती. गल्लीतल्या बायका रोज धुळ्याला कशा जाणार? मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, घाबरू नको, मी बसलोय. आणि खुर्चीत रेलून विरोधाचा हात वर केला.

सीएंनी मोजलं. धुळ्याच्या बाजूने मगनचे ऐंशी आणि पाहुण्यांचे साठ. विरोधात माझे साठ.

"अरे, मी चेअरमन शे!" मी ओरडलो.

"हो नाना," सीए म्हणाले, "पण दोनशेत साठ म्हणजे तीस टक्के."

भाईदासने माझ्यापुढे चहा धरला. दोन्ही हातांनी, अगदी अदबीने. मी तो प्यायलोही.

घरी येताना माझी टकळी सुरू होती. साठ टक्क्यांचा तीस टक्क्यांवर आलो, नवे साठ घेतले असते तर साठ टक्के राहिलो असतो, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. यशोदाबाई सगळं ऐकून घेत होती. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"आन मना कितला शेअर शेतस?"

तोवर टक्केवारी मला तोंडपाठ झाली होती. पण या प्रश्नाला ती लागतच नव्हती. तिच्या नावावर एकही शेअर नव्हता. पहिल्या शंभरातही नव्हता.