पुढील तपासणी आवश्यक

बल्लारशाला उतरले तेव्हा कपड्यांच्या पिशवीपेक्षा खांद्यावरची तक्त्यांची गुंडाळी जड होती. पुण्यातल्या एका संस्थेसाठी मी आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिका, तक्ते, कार्डं लिहिते. गडचिरोलीच्या जंगलातल्या बायकांसाठीही बरंच लिहिलं होतं. तिथे गेले मात्र कधी नव्हते.

बसने गोंडपिपरी मागे टाकली, आष्टीला वैनगंगा ओलांडली. आलापल्लीच्या अलीकडे सूरजागडहून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि बस जागच्या जागी थांबली. दुतर्फा सागाची पानं धुळीने लाल झाली होती. मी सारखं घड्याळ बघत होते.

‘‘घड्याळ काऊन पाहून राह्यल्या बाई?’’ शेजारची म्हातारी म्हणाली. ‘‘ट्रक गेल्याबिगर बस नाई हालत.’’

‘‘आणि मागून बाळंतिणीची गाडी आली तर?’’

‘‘तेही इथीच उभी रायते,’’ ती म्हणाली आणि खिडकीचा पडदा ओढून डोळे मिटून बसली.

दुसऱ्या दिवशी एटापल्लीहून जीपने आणि मग पायी माडिया आदिवासींच्या एका गावात पोचले. सोबत सुनीता, तिथली आशाताई (गावची आरोग्यसेविका). ती अहेरीकडची, पण गोंडी सफाईने बोलणारी. गोटुलात (गावाने एकत्र जमायची जागा) दहा-बारा बायका जमल्या. त्यात तीन गरोदर. मी तक्ता उलगडला: दुधाचा पेला, सफरचंद, बदाम. बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

‘‘म्याडम, इथी दूध कोणी पेत नाई,’’ सुनीता हळूच म्हणाली. ‘‘दूध वासराचं असते म्हणतात. आन सफरचंद एटापल्लीच्या बजारात दिसते, तेही कधीमधी.’’

मी तक्ता गुंडाळला आणि त्यांनाच विचारलं, काय खाता? जावा (तांदळाची पातळ पेज), नदीतले मासे, लाल मुंग्यांची चटणी, रानातल्या भाज्या, मोहाची फुलं. पोटुशी असताना काय सोडता, असं विचारल्यावर एकीने पोटाजवळ हात नेऊन मूठ आवळून दाखवली. पोर मोठं झालं तर अडतं, म्हणून ती जेवणच कमी करते. यावर माझ्या तक्त्यात एक अक्षर नव्हतं. तासभर आम्ही तेवढंच बोललो. माशांवर, चटणीवर, आणि दोन घास जास्त खाण्यावर.

उठताना गावाच्या कडेला एक ठेंगणी झोपडी दिसली. दारात पन्नाशीची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. ते कुर्माघर (पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी) होतं.

‘‘ते जैनी,’’ सुनीता म्हणाली. ‘‘पाळी जाऊन साल झालं होतं. मंग परत सुरू झाली, आता थांबूनच नाई राह्यली. पाच महिने झाले, इथीच रायते. मी एटापल्लीले चाल म्हणून दोनदा सांगून पाह्यलं. रक्त थांबल्यावर येतो म्हणते.’’

जवळ गेले आणि वासावरूनच कळलं, हे पाळीचं रक्त नव्हतं. जैनीचा नवरा पाच-सहा पावलांवर जेवणाचा डबा ठेवून उभा होता. तिच्याकडे बघत होता, पुढे येत नव्हता.

आधी कधी तपासलं होतं का, असं मी विचारलं. जैनीने छपरात खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत नीट घडी केलेलं एक कार्ड होतं. आमच्या संस्थेने तीन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या तपासणीचं शिबिर घेतलं होतं, तेव्हाचं. कार्डावर दोन चौकोन. ‘सर्व ठीक’ रिकामा. ‘पुढील तपासणी आवश्यक’ या बारीक अक्षरांपुढे पेनाने खूण.

‘‘मी इथी मागच्या सालीच आली म्याडम,’’ सुनीताचा चेहरा उतरला. ‘‘हे मले कोणीच दाखवलं नाई.’’

जैनी मोडक्या मराठीत म्हणाली, ‘‘मले वाटलं, कारड भेटलं म्हंजे मी चांगली आहो.’’

त्या कार्डाचा मजकूर माझा होता. चौकोन, बारीक अक्षरं, खाली हसऱ्या बाईचं चित्र, सगळं मी टेबलाशी बसून ठरवलं होतं. मी तिला तसं सांगितलं. सुनीताने ते गोंडीत सांगितलं. जैनीने माझ्याकडे पाहिलं.

‘‘मंग तू आली काऊन नाई?’’

मी कार्ड पुन्हा घडी केलं आणि सुनीताला म्हटलं, हिला दवाखान्यात न्यायचं.

रक्त थांबलं नसताना बाईला कुर्मातून बाहेर कसं न्यायचं, यावर गावात बोलणं सुरू झालं. दुपार त्यातच गेली. शेवटी नवराच उठला आणि म्हणाला, जाऊ द्या तिला. जीपपर्यंतची वाट त्याने तिची काठी धरून पार केली.

गडचिरोलीच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. ‘‘कॅन्सरची गाठ आहे, बरीच पसरली आहे. नागपूरला शेक (किरणोपचार) मिळेल. रक्त थांबेल.’’

‘‘तीन वर्षांपूर्वी आली असती तर?’’

‘‘तेव्हा गाठ नसेल, नुसता डाग असेल. तो जाळून टाकायचं दहा मिनिटांचं काम होतं,’’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला आत घेतलं.

नागपूरला जैनीला दाखल करून मी चार दिवस थांबले. तिथला भात तिला गिळवत नव्हता. पाचव्या दिवशी सुनीता जैनीच्या भाचीला घेऊन आली आणि मी पुण्याची गाडी पकडली.

कार्यालयात जुनी यादी काढून पाहिली. त्या शिबिरात खूण केलेल्या आणखी सहा बायका होत्या. नावांपुढे जो फोन नंबर होता तो जैनी धरून सातही जणींचा एकच, आणि तो आमच्याच कार्यालयाचा होता. अहवालात मात्र शिबिर यशस्वी झालं होतं. वरिष्ठ म्हणाले, नवीन कार्डावर अक्षर मोठं करू. मी म्हटलं, कार्ड नको, माणूस पाठवा. ते विचार करू म्हणाले. मी ती सहा नावं सुनीताला फोनवर वाचून दाखवली. तिने चौघींची घरं शोधून काढली. त्यातल्या दोघी आता हयात नव्हत्या.

उन्हाळ्यात सुनीताचा फोन आला. शेक घेतल्यावर जैनीचं रक्त थांबलं होतं. ती कुर्मातून घरी गेली, नवऱ्याशेजारी बसून जेवली, दोन महिने आपल्या घरात झोपली आणि तिथेच वारली. सुनीता म्हणाली, घरचे तुमचं नाव घेतात. मी फोन ठेवला. त्यांनी माझं नाव घ्यावं असं मी काहीही केलेलं नाही.