वहिनीने बसवलेलं इंजिन

दादा गेला तेव्हा त्याची मोटरसायकल घरभर पसरलेली होती. पसरलेली म्हणजे खरंच पसरलेली. टाकी कपाटावर, दोन्ही चाकं पलंगाखाली, इंजिन पुढच्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी जुन्या चादरीवर, आणि चाकांचे, वायरिंगचे नटबोल्ट वहिनीच्या बटणांच्या डब्यांत. गाडी लग्नाच्या आधीची, तीसुद्धा कोणाची तरी वापरून झालेली घेतलेली. आठ वर्षं बंद होती. नोकरी संपल्यावर दादा म्हणाला आता हिला उभी करतो, आणि सगळी खोलली. घासली, पुसली, सिलेंडर बाहेरून नीट करून आणला, नवीन पिस्टन आणला, आणि एका सकाळी बसल्या जागी गेला. त्यावर जास्त लिहवत नाही, ते राहू दे.

वहिनी म्हणजे शिलाईवाली. गल्लीत तिला सगळे वहिनीच म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. शाळेचे गणवेश, पडदे, पॅन्ट आखूड करणं, जुने कोट उसवून परत शिवणं, हे तिचं काम. दादा गेल्यावर तीन महिने तिने त्या चादरीवर कोणाचा पाय पडू दिला नाही. झाडू मारताना चादरीच्या कडेकडेने मारायची. लेक म्हणायची आई, किती दिवस असं ठेवणार. ती म्हणायची तुला काय खायला मागतंय का ते.

मग कागद आला. दादाच्याच नावाने. गाडी फार जुनी झालीय, येत्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी तपासणीला आणा, स्वतःच्या चाकांवर चालत आली पाहिजे, नाहीतर नंबर रद्द. नंबर रद्द झाला की ती गाडी राहत नाही, लोखंड होतं, किलोवर जातं. वहिनीने कागद तीनदा वाचला आणि मशीनच्या सुईखाली दाबून ठेवला. दिवस राहिले होते सदतीस.

धाकटा दीर बसच्या कारखान्यात फिटर होता, तीस वर्षं इंजिनात हात घालून बसलेला माणूस. त्याच्यावरच सगळ्यांची भिस्त. भाऊजी आले, चादरीजवळ उकिडवे बसले, एक बोल्ट उचलला, परत ठेवला. म्हणाले डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय, जवळचं नीट दिसत नाही. ते खरंच होतं. पण वहिनीला कळलं की नुसता डोळा नाही, भावाने हाताने मांडलेलं ते सामान त्यांना उचलवत नव्हतं. दुसरा कोणी मेकॅनिक बघू म्हटलं तर भाऊजी म्हणाले की दुसऱ्याने खोललेलं इंजिन कोणी अंगावर घेत नाही, काय हरवलंय काय नाही कोणाला माहीत. भंगारवाल्याला बोलवू का म्हणाले.

"मग मीच बसवते," वहिनी म्हणाली.

"वहिनी, तो काय शर्ट आहे का?"

"शर्ट तरी तुम्हाला कुठे येतो?"

भाऊजी नाक मुरडून गेले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आले, खुर्ची घेऊन दारात बसले, आणि मग रोजच यायला लागले. हात लावायचे नाहीत, नुसतं तोंड चालवायचं. हे उलटं, ते उलटं, तो पाना नाही, हा पाना.

आता वहिनीला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उसवलेली वस्तू परत कशी जोडायची हे तिला तिच्या वयाच्या सोळाव्या वर्षापासून माहीत. कोट उसवला की तुकडे ज्या क्रमाने निघाले त्याच्या उलट क्रमाने लावायचे, शेवटी निघालेला तुकडा पहिला. आणि दादा इतकी वर्षं तिच्या शेजारी बसलेला, त्यानेही तसंच मांडलं होतं. चादरीवर डावीकडून उजवीकडे. प्रत्येक बोल्ट ज्याच्या त्याच्या नटाला दोऱ्याने बांधलेला, दोरे वहिनीच्याच रिळांचे. इंजिनचे पांढरे, चाकांचे काळे, वायरिंगचे लाल. वहिनीने ते ओळखलं तेव्हा एक पांढरा दोरा बोटाला गुंडाळून बघितला. मग पदर खोचला आणि उजवीकडून सुरुवात केली.

दुपारी दोन ते चार गाडी, बाकी वेळ गणवेश, असं चाललं. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरमध्ये जाईनात, त्या बाहेर फाकतात आणि अडकतात. भाऊजी म्हणाले त्याला पट्टा लागतो, कारखान्यात होता, आता कुठून आणू. वहिनीने पॅन्टच्या कमरेत घालतात ती कडक कॅनव्हासची पट्टी घेतली, तेल लावलं, रिंगांभोवती गुंडाळून आवळली आणि लेकीला म्हणाली वरून सिलेंडर दाब. गेलं सरळ आत. भाऊजी खुर्चीतून उठून बघायला आले.

मागचं चाक डोलत होतं. तारा सगळ्या कमीजास्त ताणलेल्या. भाऊजींनी हात टेकले, म्हणाले हे आमच्याकडेसुद्धा एकालाच जमायचं. वहिनी म्हणाली अहो घेरदार झग्याचा घेर सारखा करायचा म्हणजे काय करतात, बाईला गोल फिरवायची आणि खडू एकाच जागी धरायचा. तिने चाक फिरवलं, खडू धरला, जिथे खडू लागला तिथल्या तारा सैल, समोरच्या घट्ट. तीन दुपारी गेल्या त्यात. चौथ्या दुपारी खडू चाकाला कुठेच लागेना.

"कोणी शिकवलं हो तुम्हाला हे?" भाऊजी म्हणाले.

"झग्यांनी."

सीट तर काय, ती तिने एका बैठकीत शिवली, दुहेरी शिलाई मारून. ती बघायला शेजारचे सुद्धा आले.

शनिवारी गाडी दारात उभी राहिली. मंगळवारी तपासणी. पेट्रोल घातलं, भाऊजींनी किक मारली, एकोणीस किका झाल्या, धाप लागली, विसावीला गाडी खोकली आणि चालू झाली. लेक रडायला लागली. गल्लीतली माणसं खिडक्यांत आली. वहिनीचा चेहरा असा झाला होता की दादा गेल्यापासून तसा कोणी पाहिला नव्हता. दहा मिनिटं गाडी छान चालली. आणि मग वरून टकटक, टकटक, जसं कोणी चमच्याने पातेलं बडवतंय. भाऊजींनी झटकन बंद केली. कान लावून बसले. मग उठून हात पुसले.

म्हणाले, वरचा भाग कोरडा चालतोय वहिनी, तेल पोचत नाही, अजून पाच मिनिटं चालली असती तर जाम झाली असती. ऑइलचा पंप गेला असणार. त्याचा भाग मिळत नाही, कंपनी बंद होऊन वीस वर्षं झाली. तुम्ही पुष्कळ केलंत, असं म्हणाले. ते पुष्कळ केलंत ऐकूनच वहिनीला राग आला. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं वाटलं तिला.

रविवारी सकाळी तिने एकटीने बघायला घेतलं. वरचं झाकण काढलं, आत खडखडीत कोरडं. तेलाच्या वाटेवरचा खालचा बोल्ट सैल केला आणि किक दाबली तर तिथून तेल चांगलं पिचकारीसारखं आलं. म्हणजे पंप ठणठणीत. तेल खालून निघतंय आणि वर पोचत नाही, म्हणजे मध्येच कुठेतरी घोडं अडलंय. मध्ये काय काय आहे ते तिने बोटावर मोजलं. इंजिनचं खालचं अंग, मग पॅकिंग, मग सिलेंडर. पॅकिंग म्हणजे दोन लोखंडांच्या मधे घालायचा जाड कागद. दादाने ठेवलेला फाटका निघाला होता म्हणून तो वहिनीने स्वतः कापला होता, जुन्यावर ठेवून, आखून, तिच्या मोठ्या कात्रीने. भाऊजीसुद्धा तेव्हा म्हणाले होते कापणं बघा कसं आहे, छापल्यासारखं.

सिलेंडर परत वर काढला. पॅकिंग हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि तिथेच जमिनीवर बसली.

त्या कागदात तेल वर जायला एक लहान भोक लागतं. ते तिने बटणाचं काज कापतात तसं कापलं होतं. काज नेहमी मापापेक्षा चिमूटभर लहान ठेवायचं, कारण कापड वापरून सैल होतं, हे तिच्या हाताला चाळीस वर्षांची सवय. डोकं चालवायच्या आधीच हात कापून मोकळा. पण कापड सैल होतं आणि कागद तेलात भिजून फुगतो. फुगून भोक मिटून गेलं होतं, झोपलेल्या डोळ्यासारखं.

लेक आली तर आई जमिनीवर बसून हसतेय, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतेय. लेक घाबरली. वहिनी म्हणाली काही नाही गं, तुझ्या आईने इंजिनाला काज केलं.

भाऊजींना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. तीस वर्षांत असलं बघितलं नाही म्हणाले. मग स्वतःच चादरीवर खाली बसले, दादा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि म्हणाले द्या तो सिलेंडर इकडे, मी धरतो. नवीन कागद वहिनीनेच कापला, भोक या वेळी ऐसपैस. संध्याकाळी गाडी अर्धा तास चालली, आवाज असा की शेजारी म्हणाले चालू आहे की बंद. सोमवारी वहिनीने शाळेच्या मैदानावर गियरची सवय केली. मोपेड ती वीस वर्षं चालवत होती, लायसन दोन्हींचं होतं, फक्त डावा पाय ऐकत नव्हता. भाऊजींना डॉक्टरांनी चालवायला मनाई केलेली, म्हणजे दुसरं कोणी नव्हतंच.

मंगळवारी तपासणीच्या आवारात नव्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत ती एकटी म्हातारी. साहेबांनी दिवा बघितला, ब्रेक बघितला, हॉर्न वाजवला, नंबर दोनदा ताडून बघितला. मग म्हणाले चढावर न्या, अर्ध्यात थांबवा आणि तिथून परत उचला. वहिनी अर्ध्यावर थांबली. उचलायला गेली आणि गाडी बंद. पाठीमागे कोणीतरी हसलं. भाऊजी खाली हातातलं हेल्मेट घट्ट धरून उभे, ओठ हलत होते, देवाचं म्हणत होते का पान्यांचे नंबर ते त्यांनाच ठाऊक. वहिनीने ब्रेक धरला, घाई केली नाही, पाय टाकून एकच किक मारली. चालू झाली. आणि चढ अशी चढली की वर गेल्यावर तिलाच थांबवायला वेळ लागला.

साहेब फॉर्म भरत होते. त्यात एक रकाना होता, दुरुस्ती कोणी केली. त्यांनी सवयीने भाऊजींकडे बघितलं, गॅरेज कुठलं विचारलं.

"ह्यांनी केलीय सगळी," भाऊजी म्हणाले. "मी नुसता खुर्चीत बसून चुका काढत होतो."

साहेबांनी पेन वहिनीकडे दिलं. तिने नाव लिहिलं आणि पुढे धंदा लिहायचा होता तिथे शिलाईकाम लिहिलं. साहेबांनी वाचलं, गाडीकडे बघितलं, परत वाचलं. शिक्का मारला, पाच वर्षांचा.

बाहेर पडल्यावर वहिनीने हेल्मेट चढवलं आणि भाऊजींना म्हणाली बसा मागे. ते म्हणाले मी बसने येतो. ती म्हणाली बसा. बसले, दोन्ही हातांनी सीटची कड धरून. फाट्यावर आल्यावर त्यांनी मागून ओरडून सांगितलं, वहिनी, घर डावीकडे.

"माहितीय मला," वहिनी म्हणाली, आणि सरळ गेली.