दयाराम शेठचा माल

दयारा बुग्याल एका दिवसात चालून होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवा. खरंच होतो. मात्र त्याआधी घरात जी तयारी चालते, तिच्याबद्दल कुठल्याच ब्लॉगवर लिहिलेलं नसतं, म्हणून मी लिहितेय.

बुग्याल म्हणजे हिमालयात झाडं संपतात त्याच्या वरचं गवताळ पठार. ऑगस्टमध्ये ते फुलांनी भरतं. मी भिवंडीला टेमघरच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि गेली कित्येक वर्षं मधल्या सुट्टीत डबा खाताना या पठाराचे फोटो बघते. या वर्षी म्हटलं, पुरे झालं बघणं. नवरा म्हणाला, "फुलं बघायला एवढ्या लांब? निजामपुऱ्याच्या बाजारातून पावशेर आणून देतो." मला हिमालयात एकटीनं जायचं धाडस नव्हतं, त्यामुळे सोबत कोण हा प्रश्न होता.

तो प्रश्न सुटला माझ्या माहेरी, दिघाशीत. माझे सख्खे काका, बाळाराम, तिथेच राहतात. त्यांनी शेतात भराव टाकून गाळा बांधला, म्हणजे कंपन्यांना माल ठेवायला भाड्यानं द्यायचं गोडाऊन. पहिली कंपनी सोडून गेल्यापासून दोन पावसाळे गाळा रिकामा आहे. काका रोज सकाळी जातात, शटर वर करतात, उदबत्ती लावतात आणि त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहतात. गावात जो भेटेल तो विचारतो, "काय बालाराम, भरला काय गाला?" या प्रश्नामुळे काकांनी गावातली लग्नंसुद्धा टाळायला सुरुवात केली होती.

आता एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला थेट डोंगरावर कळली. तुम्ही तरी बावळट ठरू नका. आमच्या गावाकडे 'ळ' म्हणत नाहीत. काळाचा काला होतो, डोळ्याचा डोला, गाळ्याचा गाला. शाळेत मी पोरांचा 'ळ' दुरुस्त करून घशाला कोरड पाडते. घरच्या माणसांचा 'ल' मात्र माझ्या कानात आपोआप 'ळ' होऊन शिरतो. उलट बाजूनं त्यांच्या कानात काय शिरत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी काकांना म्हणाले, "फुलांचा माळ बघायला जायचंय, पण सोबत कुणी नाही."

काका खुर्चीतून उठलेच. "फुलांचा माल? कवरा हाय?"

"नजर जाईल तिथपर्यंत."

"कुनाचा?"

"कुणाचा म्हणजे? सरकारीच असणार."

"सरकारी!" काकांनी शेजारी उभ्या काकीकडे बघितलं. "न ठेवलाय कुठं?"

"ठेवलाय काय काका, उघड्यावरच असतो. पावसात."

"अरे देवा. ताडपत्री बी न्हाय?"

मला वाटलं, काका गंमत करतायत. "थंडी पडली की सगळा बर्फाखाली जातो," मी म्हणाले. काकांचा चेहरा खरोखर कळवळला.

"नाव काय त्याचा?"

"दयारा बुग्याल."

"दयाराम बुग्याल," काका स्वतःशी म्हणाले. ओळखीचे अगरवाल, गोयल, खंडेलवाल त्यांच्या डोक्यात रांगेनं उभे असतात, त्यात एक बुग्याल सहज बसला. "मी येतो. यो माल मना डोल्यांनी बगाला पायजे."

मला भरून आलं. आमच्या घरात फुलांसाठी कुणी एवढं आसुसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

प्रवासाचं सांगते. कल्याणहून हरिद्वारची गाडी पकडलीत तर बरं, रिझर्व्हेशन लवकर करा. हरिद्वारहून उत्तरकाशीला जीपनं सगळा दिवस जातो. पावसाळ्यात दरड पडते, मग सगळे खाली उतरून चहा पितात. जीपमध्ये पुढची सीट मागून घ्या. उत्तरकाशीपासून वर रैथल नावाचं गाव आहे, तिथे घरगुती राहायची सोय होते. जेवायला राजमा, भात आणि नाचणीची काळसर रोटी मिळते. काकांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि ठेचा आणला होता, तो हरिद्वारपर्यंत डब्यातल्या सगळ्यांनी संपवला. बूट चांगले घ्या, छत्री नको, रेनकोट हवा. जंगलखात्याची पावती गावातच मिळते.

चालायच्या दिवशी सकाळी काका खोलीतून बाहेर आले ते पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि चकाकणारे काळे बूट घालून. हातातल्या पिशवीत शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा आणि जागा मोजायची टेप.

"काका, हे कशाला?"

"पैल्यांदा भेटाचा तं रिकाम्या हातानी?"

मला वाटलं, निसर्गाला. मी मनात म्हटलं, आपण शिकलेली माणसं नुसता फोटो काढतो, आणि हा माणूस डोंगराचा सत्कार करायला निघालाय. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझे डोळे पाणावले होते.

आमचा गाईड बलबीर म्हणून तिथलाच एक शांत माणूस होता. काकांनी त्याला आपल्या भिवंडीच्या हिंदीत विचारलं, "दयाराम शेठ किदर बैठता हय?"

बलबीरला त्यातलं 'दयारा' तेवढं कळलं. "दयारा ऊपर है जी."

"ऑफिस ऊपरही हय?"

"सब ऊपर ही है."

"सबेरे मिलेगा ना? दोपर को निकल तो नै जाता?"

बलबीरनं आभाळाकडे बघितलं. "दोपहर में कोहरा आ जाता है जी. फिर कुछ नहीं दिखता."

काकांनी चालायचा वेग वाढवला. सुरुवातीची वाट गावाच्या शेतांतून चढते, मग जंगल लागतं. ओक आणि बुरांशची झाडं, खाली ओला पाचोळा. मी दर वळणावर धापा टाकत होते. काका मात्र चकाकत्या बुटांत घसरत, उठत, पिशवी उंच धरत पुढे. मध्येच थांबून म्हणाले, "रस्ता लय बेकार हाय. कंटेनर येनार न्हाय. छोट्या टेंपोनी माल उतरवाला लागंल." मला धाप लागलेली असल्यामुळे मी नुसती मान हलवली. लागंल म्हटलं, उतरवायला.

मग झाडं संपली.

मी इथे वर्णन करणार होते, पण मला जमत नाही. पिवळी, जांभळी, पांढरी, निळी. पाऊल टाकायला संकोच वाटावा इतकी. एका बाजूला ढग उघडला आणि बर्फाचा डोंगर दिसून परत झाकला गेला. मी खाली बसले आणि रडले. एवढी वर्षं डब्यासमोर बघितलेलं सगळं खरं निघालं होतं.

काका पुढे गेले होते. तिथे एक म्हातारबाबा म्हशी चारत बसले होते, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी बघितलं तेव्हा काका त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते.

"दयाराम?"

म्हातारबाबांनी काठी चारी दिशांना फिरवली. "हाँ, यही दयारा."

काकांनी शाल काढली, झटकली आणि बाबांच्या अंगावर घातली. नारळ हातात दिला. एक पेढा तोंडात भरवला. म्हशीसुद्धा चरायच्या थांबल्या. बलबीरनं गोंधळून टाळ्या वाजवल्या. बाबा पेढा चघळत फार समाधानानं बसून राहिले, जणू हे कधीतरी होणारच होतं.

काकांनी टेप काढली. "शेठ, माल?"

बाबांना हिंदी कळली की नाही कोण जाणे. त्यांनी पुन्हा तशीच काठी फिरवली.

काका माझ्याकडे वळले. "पोरी, माल कंचा?"

आणि तेव्हा माझ्या कानात तो 'ल' आयुष्यात पहिल्यांदा 'ल' म्हणूनच शिरला. ताडपत्री, ऑफिस, कंटेनर, टेंपो, सगळं एकदम डोक्यावर कोसळलं.

"काका," मी म्हणाले, "माळ. माळ म्हणाले होते मी."

"माल."

"माळ."

"ता तंच बोलतंय मी. माल."

मी हातानं सगळं पठार दाखवलं. काकांनी माझ्या हाताकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, म्हशींकडे बघितलं. मग टेप हळूच गुंडाळली आणि गवतात बसले. पांढरी पँट हिरवी झाली.

"मी गावात सांगून आयलूय," ते म्हणाले. "गाला भरला म्हनून. आता कवच्या तोंडानी जाऊ?"

मला फार वाईट वाटलं. मी शेजारी बसले. बाबांनी उरलेल्या पुड्यातला एक पेढा काकांपुढे धरला, तो त्यांनी खाल्ला. धुकं खालून वर येत होतं.

काकांनी पठारावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "कवरे गाले बसतील हितं." आमच्या तालुक्यात जागेची याहून मोठी स्तुती नाही. मग टेप पिशवीत टाकली आणि म्हणाले, "पन नको बसवाला."

उतरताना ते एकदाही घसरले नाहीत. दिघाशीत मग जे व्हायचं ते झालंच. "बालाराम, आला काय फुलांचा माल?" असं पोरंटोरंही विचारू लागली, आणि मला माहेरी जायची लाज वाटायला लागली.

प्रवासातून घरी काय येतं याचा हिशेब मी मांडत नाही. माझ्याकडे थोडे फोटो आहेत आणि एक गुडघा अजून कुरकुरतो. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, आणि सोबतच्या माणसाला कुठे चाललोय ते दोनदा सांगा.

गणपती झाल्यावर काकांचा फोन आला. "ये. माल आलाय."

मी धावत गेले. शटर उघडं होतं, आत तीच एक खुर्ची. काका मला गाळ्याच्या मागे घेऊन गेले. कुंपणाच्या भिंतीपर्यंतच्या त्या मोकळ्या जागेत दर वर्षी ते तण मारायचं औषध फवारून घेतात. या वर्षी फवारलं नव्हतं. सगळीकडे गुलाबी तेरडा फुलला होता, कमरेपर्यंत. भराव टाकायच्या आधी आमच्या बांधांवर असायचा, तोच.

"पार्टी आयलती काल," काका म्हणाले. "खरी पार्टी. गाला पसंत हाय. पन बोलले, मागं सिमेंट टाकून द्या, गारी लावाला जागा पायजे."

"मग? काय सांगितलंत?"

"सांगितला, गाला घ्या. मागची जागा न्हाय भेटनार." काकांनी एक फूल न तोडता नुसतं बोटानं हलवलं. "तिथं माल हाय."