हंचाटे सरांनी दुरुस्त करून घेतलेले वाक्य

गुरुनाथ हंचाटे सर आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांना साधे पाणीही विचारले नाही. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात हे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण सरांविषयी खरे लिहायचे तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

मी मूळची बार्शीची. सोलापूरजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनिअर म्हणून लागून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. सर तेव्हा निवृत्त झाले होते. उभी हयात कारखान्यांतल्या मापन-नियंत्रणाच्या उपकरणांत गेलेली, आणि निवृत्तीनंतरही कुणी बोलावले की ते स्कूटर काढून निघत. आमच्या व्यवस्थापकांनी त्यांना बोलावले ते माझ्या अखत्यारीतल्या एका व्हॉल्व्हसाठी. माझे काम तपासायला बाहेरचा माणूस आणला, एवढेच माझ्या डोक्यात होते.

तो व्हॉल्व्ह रसायने उकळून वेगळी करणाऱ्या एका उंच डिस्टिलेशन कॉलमला वाफ सोडणारा होता. किती उघडायचे ते कंट्रोलर हे उपकरण ठरवी आणि हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह तेवढा उघडे. पण काही आठवड्यांपासून तो एका जागी ठरत नव्हता. सारखा वर-खाली. वाफ कधी जास्त, कधी कमी, आणि तिच्यामागे कॉलमचे तापमानही तसेच हेलकावे खाई. मी कंट्रोलरची सेटिंग सौम्य केली. हेलकावे संथ झाले. सुधारणा झाली असे मला वाटले आणि 'नियंत्रण व्यवस्थित आहे' असा अहवाल मी देऊन टाकला.

पॅनेलवर ऑपरेटर म्हणून बहुतेक वेळा महादेव शिंदे असत. बार्शीजवळच्या वैरागचे, पन्नाशीचे, सगळा कारखाना त्यांना महादेवअण्णा म्हणे. हेलकावे वाढले की अण्णा ऑटो, म्हणजे कंट्रोलरचे आपोआप चालणारे नियंत्रण, बंद करून पॅनेलवरूनच व्हॉल्व्ह हाताने एका जागी धरून ठेवत. एका दुपारी तो असाच हातावर असताना कॉलममध्ये येणारा माल अचानक कमी झाला. वाफ मात्र तेवढीच राहिली. तापमान चढले, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि त्या दिवसापुरता प्लँट बंद करावा लागला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण ऑटो का बंद केले, अशी नोटीस अण्णांना मिळाली. त्यांना पॅनेलवरून काढून स्टोअरमध्ये बसवले आणि चौकशी सुरू झाली. नोकरी जाण्याची वेळ आली होती. त्यांच्या विरुद्धच्या कागदांत पहिला कागद माझा तोच अहवाल होता.

सर आले आणि त्यांनी माझे तापमानाचे आलेख पाहण्याआधी अण्णांना बोलावून घेतले. अण्णा दारातच उभे राहिले, तर सरांनी स्वतः खुर्ची सरकवून त्यांना बसवले आणि नेमके काय होते ते विचारले.

"साहेब, आटो काढलं की गप बसतंय," अण्णा म्हणाले. "आटोवर टाकलं की पुन्हा सुरू. मी सांगितलं हुतं की. पर आमचं लिवून कोण घेतंय?"

सरांनी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. मग म्हणाले, "अर्धं निदान तुम्हीच केलंय, अण्णा."

मी शेजारी उभी होते. हेच वाक्य अण्णांनी मला महिनाभर आधी सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी घेऊन सरांनी कंट्रोलर हातावर घेतला. हेलकावे थांबले. म्हणजे ते बॉयलरकडून किंवा आणखी कुठून येत नव्हते. दुखणे इथेच होते. मग व्हॉल्व्हच्या दांड्याशी पेन्सिलीने एक खूण करून त्यांनी मला तिथे उभे केले आणि स्वतः पॅनेलवर गेले. मी अर्धा-अर्धा टक्का वाढवत जातो, तुम्ही फक्त खूण बघा, एवढेच सांगितले. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला. दांडा हलला नाही. पुन्हा आवाज, पुन्हा तेच. असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी दांड्याने एकदम उडी घेतली आणि तो खुणेच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला.

व्हॉल्व्ह अडकत होता. अडकून राही, कंट्रोलर जोर वाढवत नेई, मग तो सुटून नको तेवढा पुढे जाई आणि परतताना पुन्हा तोच प्रकार. माझ्या सेटिंगने दुखणे बरे झाले नव्हते, फक्त मंदावले होते. आणि तो का अडकत होता, हे त्या क्षणी माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. दांड्याभोवती वाफ गळू नये म्हणून ग्लँड नावाच्या खोबणीत पॅकिंग भरलेले असते; नट जितके आवळावे तितके ते दांड्याला घट्ट धरते. दोन महिन्यांपूर्वी तिथून वाफ गळत होती, तेव्हा मी जवळ उभी राहून फिटरकडून ग्लँडचे नट आवळून घेतले होते. गळती थांबली. माझे कौतुकही झाले. त्यानंतर दांडा मोकळा हलतो का, हे मी पाहिलेच नव्हते.

सरांनी काही विचारले नाही. अहवाल तुम्हीच लिहा, म्हणाले. मी दुपारभर बसून लिहिला. त्यात एक वाक्य होते : 'ग्लँड प्रमाणाबाहेर आवळले गेले होते.' सरांनी त्या वाक्यावर बोट ठेवले.

"आवळले गेले म्हणजे? आपोआप?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते म्हणाले, "या वाक्यात माणूस नाही, म्हणून तिकडे अण्णा अडकलेत."

मला रडू आले. सरांनी मला सावरायला वेळ दिला, कँटीनमधून चहा मागवला आणि मी लिहीपर्यंत खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी लिहिले, 'गळती थांबवण्यासाठी ग्लँड मी आवळून घेतले. त्यानंतर व्हॉल्व्हची हालचाल मी तपासली नाही. शिंदे यांनी तक्रार केली होती, ती मी नोंदवली नाही.' सरांनी वाचले आणि खाली स्वतःच्या हाताने तीन ओळी जोडल्या : 'गळती थांबवणे आवश्यकच होते; आवळल्यावर हालचाल तपासण्याची पद्धत कारखान्यात नाही; माझ्या नोकरीत हीच चूक माझ्याकडूनही झालेली आहे.' त्याखाली सही केली.

मला बोलणी बसली, आणि ती बसायलाच हवी होती. अण्णांची नोटीस मागे घेतली गेली. पुढच्या शटडाउनमध्ये जुने पॅकिंग काढले, ओरखडे पडलेला दांडा बदलला, नवे पॅकिंग भरून नट बेताने आवळले, आणि या वेळी हालचाल तपासायला मी अण्णांना बोलावले. त्याआधी स्टोअरमध्ये जाऊन मी त्यांची माफी मागितली होती. त्यांनी हातातले रजिस्टर मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "घरी पोरीला काय सांगावं, कळत नव्हतं म्याडम. आता सांगतो." एवढेच. त्यांनी मला माफ केले की नाही, हे मी कधी विचारले नाही.

पुढे सर माझे गुरू झाले. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण जमत असू. सर फळ्यावर आलेख काढत, मध्येच स्वयंपाकघराकडे वळून काकूंशी, म्हणजे त्यांच्या पत्नीशी, कानडीत काहीतरी बोलत, आणि थोड्या वेळाने हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, वाट्या बाहेर येत. सर हट्टी आहेत, हेही लिहिले पाहिजे. एखाद्या निदानावर ते अडून बसले की समजावणे कठीण. एकदा चुकले, तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही बसायच्या आत फळ्यावर त्यांनी स्वतःची चूक मांडून ठेवली होती.

माझ्या आईला बार्शीहून सोलापूरच्या दवाखान्यात आणले, तेव्हा सर रोज सकाळी येऊन बाकावर बसत. फारसे बोलत नसत. मी आंघोळ करून, दोन घास खाऊन यावे, तेवढ्यासाठी ते येत. आई घरी गेली त्या दिवशी ती मला म्हणाली की, तुझे सर मला रोज पेपर वाचून दाखवत होते. सरांनी हे मला कधीच सांगितले नव्हते.

गेल्या वर्षी सरांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जपायला सांगितले आहे. तरी गेल्या महिन्यात एका कारखान्यातून नव्याने लागलेल्या इंजिनिअर मुलीचा फोन आला, व्हॉल्व्ह ठरत नाही म्हणून, आणि सर बूट घालून तयार. काकूंनी स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. शेवटी सरांनी त्या मुलीलाच घरी बोलावले. मी गेले तेव्हा ती आलेख पसरून बसली होती, आणि सर तिला विचारत होते, "तुमचा ऑपरेटर काय म्हणतो?"

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. ती किल्ली काकूंना अजून पुष्कळ वर्षे लपवावी लागो. आणि आमच्या वाक्यांत माणूस आहे की नाही, हे बघायला तुम्ही आम्हाला हवे आहात.