भंडारा आणि पितळी डबा

तो पितळी डबा माझ्या फडताळात कित्येक दिवाळ्या पडून होता. मिठाच्या बरणीला चिकटूनच ठेवला होता, म्हणजे स्वयंपाक करताना रोज नजरेला पडावा. राग शिळा होतो, आणि मला तो होऊ द्यायचा नव्हता.

ज्याने तो डबा पाठवला त्याला मी इथे अहो-जाहो करणार नाही. सारी पिंपरी त्याला शेठ म्हणायची. आमच्या भागातल्या सरकारी बांधकामांचा तो सगळ्यांत मोठा कंत्राटदार, आणि माझ्या नवऱ्याला धुळीला मिळवणाराही तोच. या वयात त्याला खोटा मान कशाला देऊ?

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर जिकडे बघावं तिकडे बांधकाम चाललं होतं. कारखाने, रस्ते, कामगारांच्या चाळी, सिंधमधून आलेल्या लोकांसाठी पक्क्या खोल्या. माझे यजमान मूळचे गवंडी. ओळंबा लावून त्यांच्या भिंतीत कुणी खोट काढलीय, असं कधी झालं नाही. ते स्वतः कंत्राटं घेऊ लागले तेव्हा भोसरीला माहेरी जाऊन मी चांगलाच भाव खाल्ला होता.

पण कंत्राटं मिळायची रीत वेगळी होती. टेंडर निघालं की सगळे कंत्राटदार माळावरच्या खंडोबाच्या देवळात जमायचे. या खेपेला काम कुणाचं ते तिथे ठरायचं. ज्याची पाळी, त्याने कमी भाव भरायचा. बाकीच्यांनी नावाला चढे भाव भरून पाकिटं टाकायची. ज्याला काम मिळेल त्याने इंजिनियर साहेबाचा वाटा गुपचूप पोचवायचा. मग शेठ प्रत्येकाच्या तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवायचा. ती हातात धरून प्रत्येकाने शपथ घ्यायची, की ठरलेलं मोडणार नाही आणि बाहेर तोंड उघडणार नाही. यजमान घरी आले की त्यांचे तळहात पिवळे असायचे. मी विचारलं की म्हणायचे, देवाला गेलो होतो. देवळातल्या गुरवाची बायको माझी मैत्रीण होती, त्यामुळे मला काही विचारायची गरजच नव्हती.

एकदाची आमची पाळी आली. एका सरकारी वसाहतीच्या चाळी यजमानांकडे आल्या. शेठला त्या चाळी आपल्या भाच्यासाठी हव्या होत्या, हे आम्हाला मागून कळलं. तो उघड काही बोलला नाही. पहिली भिंत उभी राहिली आणि साहेब तपासणीला आला. भिंतीला हातसुद्धा न लावता त्याने माल हलका आहे म्हणून सांगितलं आणि पहारी मागवल्या. यजमानांच्याच गड्यांकडून त्याने ती भिंत पाडून घेतली. मी भाकरी घेऊन गेले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. भिंत लवकर पडेना. ती पडत नाही म्हणून साहेब चिडला, आणि शेठ छत्रीखाली उभा राहून पान चघळत होता. माझे यजमान मान खाली घालून उभे होते.

काम भाच्याला गेलं. आमचं नाव काळ्या यादीत गेलं. गड्यांची मजुरी द्यायला माझ्या मंगळसूत्रातल्या सोन्याच्या वाट्या गेल्या, गळ्यात नुसते काळे मणी राहिले. त्या दिवाळीला शेठकडून हा पितळी डबा आला, भरून लाडू. आणणाऱ्याने निरोप सांगितला, “राग धरू नका, वहिनी.” लाडू मी म्हशीला घातले. डबा ठेवून घेतला.

पुढे कुणीतरी वर तक्रार केली आणि लाचलुचपतीची चौकशी सुरू झाली. पोलीस अधिकारी आमच्या घरी आले. यजमानांनी त्यांना चहा पाजला आणि एक अक्षर बोलले नाहीत. भंडारा उचललेला माणूस बोलणार कसा? पण भंडारा त्यांनी उचलला होता, मी नव्हता. अधिकारी जायला निघाले तसं मी त्यांना गोठ्यापाशी गाठलं आणि गुरवाचं घर दाखवलं.

खटला पुण्याच्या कोर्टात उभा राहिला. आरोपी दोघे, शेठ आणि साहेब. सरकारी वकिलांनी मला स्पष्ट सांगितलं, की गुरव फार तर देवळात लोक जमायचे एवढं सांगेल. साहेबाचा वाटा कसा पोचायचा हे आतल्या माणसाने सांगितलं नाही, तर दोघेही सुटतील. यजमानांनी खरं सांगितलं तर त्यांना माफी मिळणार होती. मी रडले, भांडले, अबोला धरला. ते म्हणाले, कोर्टात येईन, पण बोलणार नाही. माणसाशी बेइमानी करेन, देवाशी नाही. ज्या देवाने ती भिंत पडताना काही केलं नाही त्याची एवढी भीड, याचा मला मनस्वी संताप यायचा.

साक्षीच्या दिवशी यजमान बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले, कारण साक्षीदाराला आधी आत बसू देत नाहीत. मी आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. गुरवाने भंडाऱ्याचं सगळं सांगितलं. शेठचा वकील हसला आणि म्हणाला, माझ्या अशिलाने असला भंडारा जन्मात उचललेला नाही. न्यायाधीशांनी शेठकडे पाहिलं. त्याने गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभर लोकांना शपथा घालून कामं करून घेतलेला माणूस तो, जिभेला तेच वळण पडलेलं. उठला, हात जोडले आणि म्हणाला, “खंडोबाची आण घेऊन सांगतो साहेब, आमी कुनीबी भंडारा उचलला न्हाई. तसलं काई झालंच न्हाई.”

माझ्या अंगावर काटा आला, तो आनंदाने. गुरव पिंजऱ्यातच कानांना हात लावत होता. मी गर्दीतून वाट काढत व्हरांड्यात आले आणि शेठचं बोलणं शब्दाला शब्द यजमानांना सांगितलं.

माझ्या पोटातली आग त्यांना ठाऊक होती, म्हणून विश्वास बसत नव्हता. म्हणाले, “देवाची आण घेतली? त्यानं?”

मी गळ्यातले काळे मणी मुठीत धरले. “खोटं असंल तर ह्यो दोरा आत्ता तुटू दे,” मी म्हणाले.

असली शपथ मी कधी घेतली नव्हती. शिपायाने यजमानांचं नाव पुकारलं. ते उठले, टोपी नीट केली आणि आत गेले.

आणि बोलले. पाळ्या कशा ठरत, साहेबाचा वाटा कुठे आणि कुणाच्या हाताने जाई, सगळं. भिंतीचं सांगतानाही ते थांबले नाहीत. मी यजमानांकडे बघतच नव्हते. मी शेठचं तोंड बघत होते. ते उतरत गेलं तसतशी माझी छाती हलकी होत गेली. मला दया आली नाही, अजूनही येत नाही.

निकालाच्या दिवशी दोघांना सजा झाली. शेठला बाहेर काढलं तेव्हा मी मुद्दाम त्याच्या वाटेत उभी होते, यजमान शेजारी. तो थांबला आणि यजमानांना म्हणाला, “भंडारा उचलला हुतास तू. इसरलास?”

“कवा?” यजमान शांतपणे म्हणाले. “तुमीच देवाची आण घेऊन सांगितलं, कुनीबी उचलला न्हाई म्हनून.”

पोलिसाने त्याला पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रवा भाजला, लाडू वळले. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही. चिंचेने घासून लख्ख केलेला तो पितळी डबा काठोकाठ भरून मी शेठच्या दारात गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं. रडून तिचे डोळे सुजले होते. डबा मी तिच्या हातात दिला.

“राग धरू नका, वहिनी,” मी म्हणाले, आणि घरी आले.