मिरच्यांची धुरी

सत्तेचाळिसावं लागलं आणि माझ्या अंगाला आग लागली. वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता छातीतून असा जाळ उठायचा की मान, कान, तोंड लालबुंद. पोलकं पाठीला चिकटायचं, काळीज धडधडायचं, आणि दोन मिनिटांत हुडहुडी. खडू हातातून पडायचा. पोरी एकमेकींकडे बघायच्या. मी मुलखाची तापट. "काय बघताय गं, तमाशा लागलाय?" म्हणून ओरडायचे. आतून मात्र भीतीनं पार गळून गेले होते.

कारण हे सगळं मी आधी पाहिलं होतं. माझ्या आईच्या अंगावर.

मी अठरा-एकोणीस वर्षांची असताना बिद्रीकडच्या आमच्या गावात आईला असंच व्हायचं. चुलीपुढून उठून ती अंगणात पळायची, घामानं भिजायची, उगाच रडायची. गाव म्हणालं, बाईच्या अंगात येतंय. देवऋषी आला. म्हणाला, "आत कोन हाय त्ये बोलल्याबिगर सुटका न्हाय." निखाऱ्यावर मूठभर मिरच्या टाकल्या आणि आईचं तोंड त्या धुरावर दाबलं. तिचे हात मी धरले होते. वडील म्हणाले, घट्ट धर, म्हणून धरले. शेवटी आई केस सोडून घुमली, कुठल्याशा मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तेव्हा कुठं धुरी थांबली.

आता माझा नंबर.

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, नजरेतून काही सुटायचं नाही. एका शुक्रवारी भाकरी थापताना जाळ आला. मी परात ढकलून मोरीत धावले आणि डोक्यावर तांब्या ओतून घेतला. त्या दारात उभ्या.

"आईचंच आलंय लेकीत. मंगळवारी बोलवून घेते देवऋष्याला."

यजमान पेपर वाचत गप्प. शिकलेला माणूस, आणि तोंडात मिठाची गुळणी! असा संताप आला. पण संतापाहून भीती मोठी होती. मिरच्यांचा तो वास नुसत्या आठवणीनंच घशात बसला. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी शाळेत अर्धी रजा टाकली आणि शाहूपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, धुरीसकट. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला.

"पाळी कधी आली होती?"

"चार महिने पत्ता नाही."

"मग भूत कशाला हुडकताय बाई? पाळी जायची वेळ आलीय. अंडाशयातून एक हार्मोन रक्तात येत असतं, ते आता कमी-जास्त व्हायला लागलंय. त्यानं मेंदूतली अंगाची ऊब सांभाळणारी जागा गडबडते. जरा ऊब वाढली तरी तिला वाटतं अंग लई तापलं. म्हणून घाम, म्हणून धडधड. पुष्कळ बायकांना होतं."

"माझ्या आईलाही हेच झालं असेल?"

"वय काय होतं त्यांचं?"

"माझ्याएवढंच."

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"हे सगळं मराठीत कागदावर लिहून द्या," मी म्हणाले. तो कागद घरी जाऊन यजमानांच्या पेपरावर आपटला. "वाचा, मोठ्यानं! आत्याबाईंना ऐकू जाऊ दे." त्यांनी वाचला. मंगळवारी कुणी आलं नाही.

रविवारी एसटीनं आईकडे गेले. म्हातारी उन्हात शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसून हार्मोनचं सगळं समजावलं. म्हणाले, "तुझ्या अंगात कधीच काही नव्हतं गं आई."

"मला ठाव हुतं की," ती म्हणाली. "पर घुमल्याबिगर धुरी थांबली नसती. म्हनून केलं सोंग." मग एकदम माझ्याकडे वळली. "तुला न्हाय न्हवं दिली कुनी?"

"नाही."

"ब्येस झालं."

तिनं शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि माझी मनगटं तशीच धरून ठेवली.

"तुजं हात लई घट्ट हुतं, पोरी."