फिलूचा मासा लिस्बनला, मी पणजीपर्यंत

फिलूला लिस्बनच्या दुकानाची ऑर्डर आली हे कळलं तेव्हा माझा चुलीवरचा भात करपला. खोटं कशाला लिहू? जळलेच मी. फिलू म्हणजे फिलोमेना, माझी शेजारीण. देवबागला आमच्या दोघींच्या अंगणांत एकच कुंपण. नारळाच्या करवंटीचे मासे, दिवे, बटणं करतो आम्ही वाडीतल्या बायका. तिचा चुलतभाऊ तिकडे असतो, त्याने एक मासा नेऊन दाखवला आणि दुकानवाल्यांनी हा जाडजूड करार पाठवला. माझे भाऊ सगळे कुडाळात.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक. "सुमनवैनी, माझ्यावांगडा पणजेक येशीत गो? वकिलीण म्हणता, काम करणारी आणखी एक बाई घेवन ये."

"माका कित्याक? मासो तुझो, ऑर्डर तुझी."

"चल गो. एकट्यान माका जमाचा नाय."

गेले. तो करार आहे तरी कसा, ते मला बघायचं होतं.

तुम्ही जाणार असाल तर मालवणहून सकाळची पणजी एसटी धरा. उजवीकडे बसा, डावीकडे ऊन येतं. बायकांना अर्धं तिकीट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण पडतं. कंडक्टरशी भांडून उपयोग नाही, मी भांडून बघितलं. कुडाळ स्टँडवर उसळपाव खा, चहा नको, पाणचट. बांद्यापर्यंत दोन्हीकडे काजू मोहरलेले. फिलू ते बघत होती आणि मी फिलूच्या नव्या चपला.

वकिलिणीचं ऑफिस एका बेकरीच्या माडीवर. पावाच्या वासाने पोट खवळलेलं आणि ही माझ्या मुलीच्या वयाची पोरगी एकेक पान वाचत बसली. मग म्हणाली, "सही केलीत तर मासा कायमचा त्यांचा. मालाचं नावही तेच नोंदवणार. भांडण झालं तर तुम्ही लिस्बनच्या कोर्टात जायचं."

"मग आपण इथे नोंद करूया," फिलू म्हणाली.

"इथली नोंद तिथे चालत नाही. तिथे वेगळी करावी लागते. आणि चारचौघांत दाखवल्यापासून वर्षाच्या आत. पहिला मासा कोणी केला?"

आमच्या वाडीत हे कोणी विचारतच नाही. एक करवंटी कापते, दुसरी घासते, तिसरी तेल लावते. जी शेवटी दोरी ओवते, तिचा माल. आम्ही शेवटचा हात मानतो. कायद्याला पहिला हात हवा होता.

"पहिला कधी दाखवला, त्याचा पुरावा?"

फिलूचा चेहरा उजळला. "हिच्या ब्लॉगवर फोटो आहे की! दिवाळीचा!"

वकिलिणीने मोबाइलवर शोधून मोठ्याने वाचलं, "मी केलेला मासा. कसा वाटला?"

दोरी मी ओवली होती, रीतीने माझाच. पण तो वळण घेतलेला आकार, ती कल्ल्याची कापणी फिलूची होती. हे मला लिहिताना माहीत होतं. तुम्ही सगळ्यांनी वाहवा केलीत ना, ती मी गिळून बसले होते.

"मग कागदावर यांचं नाव घालायचं?" वकिलिणीने फिलूला विचारलं.

फिलूने कराराची पानं नीट एकावर एक लावली. मग म्हणाली, "घाला. दोरी तिनेच ओवली."

तिच्या तोंडावर राग असता तर मी हो म्हटलं असतं. राग नव्हता. रीत ती रीत, एवढंच.

"नाय," मी म्हटलं. "मासो हिचो. मी फक्त दोरी ओवलंय."

वकिलिणीने ते माझ्याच हाताने लिहून घेतलं. मोबाइलवर बोटं चालतात, पण पेनाने लिहायला सहावी शिकलेल्या बाईला अर्धा तास लागला. लिहून दिलं म्हणून मी काही देवी झाले नाही. बाजाराजवळ जेवलो, तिथलं माशाचं हुमण आमच्या कालवणापेक्षा चांगलं होतं. त्याचाही राग आला.

महिना झाला. दुकानाला तीन वर्षं फक्त विकायची परवानगी दिली, मासा आणि नाव फिलूकडे. तिकडच्या नोंदीचा अर्जही तिच्या नावाने गेला. त्या फोटोखालचं मी बदललंय, बघा. तुम्हीही बाहेरदेशी माल धाडणार असाल तर सहीआधी वकील गाठा आणि फोटोखाली खरं लिहा.

मी हल्ली कुर्ली (म्हणजे खेकडा) करतेय, करवंटीचीच. मागच्या खोलीत, दार लावून. आमच्या वाडीत आजवर दार लावून कोणी काम केलेलं नाही. काल फिलूने कडी वाजवली.

"दार कित्याक लावलंस गो? घासूक काय आसा तर दी."

कुर्लीच्या नांग्या माझ्याने गुळगुळीत होत नाहीत, आणि फिलूसारखं घासणारं वाडीत दुसरं कोणी नाही. मी आधी फोटो काढला, तारखेसकट. मोबाइल कमरेला खोचला. मग कडी काढली.